एक मोडलेले बटण
(महोत्सव समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी शिक्षकाने खेळण्याविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात डोईफोडियातील आमच्या एका विद्यार्थ्याचे खेळण्याचे यंत्र बिघडले, आणि त्यापायी आमची जी फजिती झाली ती आपणापुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

यंत्र म्हणजे 'गेम बॉय ॲडव्हान्स एसपी'. डबीसारखे मिटते, तळहातावर मावते. १८८९ साली पत्ते करण्यासाठी निघालेल्या निंटेंडो या जपानी कंपनीने ते २००३ साली बाजारात आणले. थोरल्या भावाने सुरतेस कामाला जाताना ते धाकट्याच्या हवाली केले होते. त्यामुळे मुलाचा जीव त्यात गुंतलेला. ते ओट्यावरून पडले आणि डाव्या कडेचे बटण मोडले. शहरातल्या एका दुकानदाराने, "आता दुसरेच घ्या," म्हणून परत पाठविले. दुसरे त्या घरात येणार नव्हते.

या यंत्रात दोन जातींची बटणे असतात. समोरच्या बटणांखाली नुसते रबर असते. त्याचे काळे टोक पट्टीवर टेकले की वीज वाहते. ती बिघडली तर बहुधा स्पिरिटाने पुसून भागते. कडेचे बटण मात्र निराळे. त्याच्यामागे धातूची लहानशी वाटी असलेली डबी असते, दाबताच 'टक्' वाजते, आणि तिचे पाय पट्टीला सोल्डरने, म्हणजे डाखाने, जोडलेले असतात. ती मोडली तर पुसून काय होणार? बदलावीच लागते.

डबी काही रुपयांची. आम्ही ती मागविली. यंत्राचे काही स्क्रू तीन पात्यांचे, तेव्हा तसा स्क्रूड्रायव्हरही आणला. आधी बॅटरी काढली. येथवर सर्व शास्त्रशुद्ध झाले.

पुढे आमची घाई नडली. एका पायाचा डाख वितळला तोच आम्ही डबी ओढली. दुसरा पाय अजून घट्ट होता. त्याच्याबरोबर पट्टीवरचा तांब्याचा ठिपका उखडून आला. हा पत्रा साधारण ०.०३५ मिलिमीटर जाडीचा, केसाहून पातळ. मुलगा काही बोलला नाही. त्याने तो उखडलेला कण कागदावर ठेवून घडी घातली. पदवीधर प्रशिक्षित शिक्षकाला त्या क्षणी तोंड कोठे लपवावे ते कळेना.

रात्री आम्हांस लहानपणीचे कल्हईवाले चाचा आठवले. भांडे पुरते तापल्याखेरीज ते कथिलाला हात लावीत नसत, आणि नवसागराची चिमूट टाकल्यावरच कापसाचा बोळा फिरवीत. येथेही तोच न्याय. नवसागराऐवजी राळ, एवढाच भेद. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंशांवर वितळतो; शिशाविरहित नव्याला सुमारे २१७ अंश लागतात. म्हणून अडलेल्या सांध्यावर थोडा जुना डाख व राळ घालावी, सारे पाय एकाच वेळी सैल होऊ द्यावेत, मगच डबी उचलावी. ओढू तर मुळीच नये. शिसे विषारी, खिडकी उघडी असावी, आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याला शिवू नये.

दुसऱ्या रविवारी उखडलेल्या ठिपक्यापासून निघणारी तांब्याची वाट शोधली. तिच्यावरील हिरवा लेप ब्लेडने हळूच खरवडला. जुन्या चार्जरमधील बारीक तारेची दोन्ही टोके साफ केली आणि डबीचा पाय त्या वाटेशी जोडला. तार मुलाने धरली होती. त्याचा हात आमच्याहून स्थिर!

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले, हे उत्तमच. पण खकनार तालुक्यातल्या मुलाच्या हाती सोल्डरिंग आयर्न कोण देणार? विश्वस्तांनी पुस्तकांसाठी कपाटे दिली. त्यांच्या शेजारी एक मजबूत टेबल, दोन आयर्न, एक मल्टीमीटर आणि राळेची डबी मिळावी, एवढी आमची मागणी आहे. केळीच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करणारे पालक शिकवायला येण्यास राजी आहेत.

तो मुलगा मागच्या बाकावर बसला आहे. नवे बटण किंचित तिरपे बसले आहे, पण वाजते. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्याच्याकडे मागावे. मात्र उघडण्याचा हट्ट धरू नये, स्क्रू आता तो स्वतःखेरीज कोणाला काढू देत नाही.