पळसाचा अर्क आणि कोरं द्रावक

शिमगा जवळ आला की पेठ-सुरगाण्याच्या वाटेवरचे निष्पर्ण पळस केशरी फुलांनी लगडतात. ही फुलं नाशिकमध्येच फेफऱ्यावर तपासली गेली आहेत, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातले कस्तुरे आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली शिरीषाची पानं, जास्वंदीची फुलं आणि पळसाची फुलं यांच्या अर्कांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २००२ मध्ये पळसाच्या फुलांतून वेगळ्या काढलेल्या ट्रायटरपीन प्रकारच्या एका घटकाची परीक्षा छापून आली. असं काही ऐकलं की ‘पळसानं फीट थांबते’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र या संशोधनाचं मोल, पळस कुठे चालला यापेक्षा कुठे चालला नाही, यात जास्त दिसतं.

विजेचा क्षणभर धक्का दिला की उंदराला आचका येतो आणि त्याचे मागचे पाय काठीसारखे ताठ होतात. आधी औषध दिलेल्या उंदराचे पाय तसे ताठले नाहीत, तर तो वाचला असं धरतात. या कसोटीला पळसातला घटक उतरला. पेंटिलीनटेट्राझोल या रसायनानं आणलेले झटकेही त्यानं रोखले. पण स्ट्रिकनीन आणि पिक्रोटॉक्सिन यांनी आणलेल्या झटक्यांपुढे त्याचं काही चाललं नाही. निम्मे प्राणी वाचवायला किलोमागे ३४.२ मिलिग्रॅम पुरत होते, तिथे सात दिवस देत राहिल्यावर ५१.५ लागू लागले. दोन्ही आकड्यांना मागेपुढे बरीच ढिलाई आहे, त्यामुळे एवढ्यावरून शरीर औषधाला सरावलं असा निवाडा मी देणार नाही. पण फेफऱ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. सात दिवसांत मात्रा वाढण्याची शंका येत असेल, तर पुढचा प्रयोग तिथूनच सुरू व्हायला हवा.

झाडांच्या अर्कांची आणखी एक परीक्षा होते ती जंतुनाशक गुणाची; ती आचक्यांच्या कसोटीच्या मानानं सोपी, आणि म्हणूनच फसवी. अगारच्या थाळीवर जंतू पसरायचे, मध्ये खळगा पाडून त्यात अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. पण अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर अल्कोहोलही जंतू मारतंच. म्हणून शेजारच्या खळग्यात नुसतं द्रावक घालावं लागतं. ही काळजी क्षुल्लक वाटेल त्यानं १९६३ सालची फ्रान्समधली गोष्ट ऐकावी. एका वनस्पतीतल्या खेलिन या द्रव्यापासून बनवलेली संयुगं पिएर एमार आचक्यांवर तपासत होते. एकमेकांशी फारसा संबंध नसलेली संयुगंही गुणकारी ठरू लागली, तेव्हा कळलं की गुण संयुगांचा नव्हता. ती ज्यात विरघळवली होती त्या व्हॅल्प्रोइक आम्लाचा होता. आज औषधाच्या दुकानात मिळणारं सोडियम व्हॅल्प्रोएट हा याच आम्लाचा क्षार.

कुणी म्हणेल, झाडपाल्यानं निदान अपाय तरी होत नाही. पण पळस ज्या स्ट्रिकनीनपुढे हरला ते काजऱ्याच्या बियांतलं, म्हणजे कुचल्यातलं; पिक्रोटॉक्सिन काकमारीच्या फळांतलं. झटके आणणारीही झाडंच! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पळसपापडी जंतांवर पिढ्यानपिढ्या दिली जाते, आणि आपल्याकडे पुष्कळांना फीट येते ती मेंदूत बसलेल्या जंताच्या अळीमुळे; मग एका झाडात दोन्ही गुण असले तर बिघडलं कुठे? बिघडतं ते अंतरात. आतड्यातला जंत आणि मेंदूतली गाठ यांच्यामध्ये रक्त आणि मेंदू यांना वेगळं ठेवणारा पडदा आहे, आणि थाळीतलं वर्तुळ त्या पडद्याबद्दल अवाक्षरही बोलत नाही. शिवाय गुण पाहिले ते फुलांत, जंतांवर देतात त्या बिया. पिढ्यांचा अनुभव कुठे शोधावं ते दाखवतो, यात वाद नाही. पण किती द्यावं, किती दिवस द्यावं आणि कुणाला देऊ नये, हे मोजूनच कळतं.

प्राण्यांवरून माणसांवर कधी काही येतच नाही, असंही नाही. १९३८ साली पुढे आलेलं फेफऱ्यावरचं फेनिटॉइन आधी विजेचा धक्का दिलेल्या मांजरांवरच तपासलं होतं. वनस्पतीतलं उदाहरण हवं तर गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल घ्या. ड्रॅव्हे नावाच्या दुर्धर अपस्माराच्या १२० मुलांवर आणि तरुणांवर झालेली त्याची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके साधारण १२.४ वरून ५.९ वर आले. तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव घेणाऱ्यांचे १४.९ वरून १४.१ वर. औषध घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या, आणि त्यातले बहुतेक व्हॅल्प्रोएटही घेत होते. कारण या चाचणीत कुणाच्याही नेहमीच्या गोळ्या बंद केलेल्या नव्हत्या.