गवतातला सिकाडा उसात शिरतो

मंडळी, ऐन उन्हाळ्यात भर दुपारी झाडीतून एकसुरी, कान किटवणारी किर्र तुम्ही ऐकली असेल. पुष्कळजण ती रातकिड्याची समजतात. तसे नाही. रातकिडा पंखावर पंख घासतो, आणि बहुधा रात्री. दिवसाची ही किर्र सिकाडाची. नराच्या पोटाशी दोन्ही अंगांना ताठ पडदे असतात. ते तो भराभर आतबाहेर लववतो. मादी मुकी!

बहुतेक सिकाडा झाडावरचे. आज सांगतो तो गवतातला, आणि दूरदेशीचा. जपानच्या दक्षिणेला ओकिनावाची बेटे आहेत, तिथला. तिकडे त्याला ‘इवासाकी कुसाझेमी’ म्हणतात. कुसा म्हणजे गवत, आणि इवासाकी हे इशिगाकी बेटावरच्या हवामान वेधशाळेतले एक गृहस्थ. जपानातला हा सर्वांत लहान सिकाडा. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर.

मादी पानाच्या मधल्या शिरेत अंडी घालते. पिलू निघाले की मातीत शिरते आणि साधारण दोन वर्षे अंधारात मुळांचा रस पीत राहते. मग वर येऊन कात टाकते, थोडे दिवस उजेडात काढते आणि संपते.

इथवर कुणाचे काही बिघडत नव्हते. पण ऊस तरी काय? गवताच्याच कुळातला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हा किडा ओकिनावात उसाची कीड होऊन बसला. असे का झाले, याचा विचार इतो आणि नागामिने या दोघा संशोधकांनी 1981 साली मांडला. त्यांचा अंदाज असा: किडे थोडे असतात तोवर त्यांना खाणारे त्यांना आटोक्यात ठेवतात. एकदा संख्या त्यापलीकडे गेली, की खाणाऱ्यांची पोटे भरतात, किडे मात्र उरतातच.

आणि खोडव्याचे तुम्हांला मी काय सांगावे! लागण तुटली, खोडवा राखला, पुन्हा राखला. तेवढा काळ नांगर नाही. ज्या पिलाला मातीत दोन वर्षे हवीत, त्याला याहून निवांत घर कोणते? आपल्याकडची हुमणी मुळे कुरतडते, हा नुसता रस पितो. तेव्हा पाने पिवळी दिसेपर्यंत वरून काही कळत नाही. नांगर फिरला, तर हीच पिले उघड्यावर पडतात, आणि नांगरामागे बगळे का चालतात ते तुम्ही रोज पाहताच.