सण लक्ष्मीचा, सावधपण ग्राहकाचे



नवरात्रीचे घट बसले की महाराष्ट्रातील बाजारपेठांना जाग येते. दसऱ्याला सोने, धनत्रयोदशीला भांडे वा दागिना, पाडव्याला वाहन, भाऊबीजेला ओवाळणी. खरेदी हे आपल्या सणांचे अंगच आहे. त्यात वावगे काही नाही. कुंभारापासून विणकरापर्यंत अनेकांची चूल या खरेदीवर पेटते. परंतु कारखान्यातला बोनस असो वा सोयाबीनचे आलेले पैसे, वर्षातून एकदाच हाती येणारी ही रक्कम जशी गृहिणीच्या हिशेबात असते, तशी ती ठकाच्याही हिशेबात असते.

ठकबाजी नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या अधिकरणात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेच्या रक्षणाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि खोट्या वजनमापांना दंड सांगितला. अलीकडच्या काळात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. म्हणजे समाज आधी जागा झाला आणि शासन मागून आले. आज त्याच जागृतीची पुन्हा निकड आहे. कारण पूर्वीचा लबाड दुकानदार निदान समोर बसलेला असे, आजच्या ठकाला चेहराच नाही.

या बिनचेहऱ्याच्या ठकाची हत्यारे तीन : घाई, लोभ आणि भीती.

पहिली घाई. ‘केवळ दोन नग शिल्लक’, ‘सवलत दहा मिनिटांत समाप्त’ अशा पाट्या मोबाईलच्या पडद्यावर लुकलुकतात. खरी टंचाई नसताना असा आभास निर्माण करणे हा अनुचित प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे तेरा प्रकार निश्चित करून त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे हेही त्यांतलेच. याहून घातक म्हणजे नामांकित दुकानांच्या नावाशी एखाद्या अक्षराचा फरक असलेली बनावट संकेतस्थळे. विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार अधिकारी यांची माहिती देणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती जिथे नाही, तिथे खरेदी नाही, एवढा साधा नेम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

दुसरा लोभ. गल्लोगल्ली चालणारा ‘दिवाळी फंड’ सर्वांच्या परिचयाचा आहे. दरमहा थोडी रक्कम भरायची आणि दिवाळीला किराणा, भांडी, चांदीचे नाणे घ्यायचे. चालवणारा बहुधा ओळखीचा असतो, म्हणून पावती मागितली जात नाही; आणि तो परागंदा झाला की पुरावा म्हणून हातात काही उरत नाही. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली. पण पावतीवाचून दावा शाबीत करणे महाकठीण. तरीही लोभ सरत नाही. मुंबईत दागिन्यांच्या दुकानातून खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परतावा देऊ करणाऱ्या ‘टोरेस’ प्रकरणात, जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या दुकानापुढे हवालदिल गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. दुकान झगमगीत होते, म्हणून विश्वास बसला. जी मिळकत दर आठवड्याला येईल असे सांगितले जाते, ती कोणत्या धंद्यातून येणार, हा एकच प्रश्न विचारायचा राहून गेला.

सोन्याच्या बाबतीत डोळसपणाचे साधन आता हाताशी आहे. हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर मानक संस्थेची खूण, शुद्धता आणि अक्षर-अंकांची मिळून सहा चिन्हांची ओळख, असे तिन्ही लागते. ही ओळख ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकली की दागिन्याची माहिती समोर येते. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना सक्तीतून सूट आहे, हेही ध्यानात असावे. वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे पक्के बिल घ्यावेच.

तिसरे हत्यार भीतीचे. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असा दूरध्वनी येतो, पडद्यावर गणवेशधारी दिसतो आणि ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशाला हेच सांगितले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा मंत्र दिला.

काही फसवणुकींत तर आपला सद्भावच हत्यार होतो. दिवाळीच्या साफसफाईत जुने कपाट विकायला काढले जाते. सैन्यात असल्याचे सांगणारा कोणी घासाघीस न करता होकार देतो आणि आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो. जवानाविषयीच्या आदरापोटी शंका घेतली जात नाही. कोड स्कॅन होतो, पिन दाबला जातो आणि खाते रिकामे होते. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. तो पैसे देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे.

एवढे करूनही फसगत झालीच तर? तर पहिला शत्रू म्हणजे संकोच. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहाव्यात पोहोचतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार गेली, तर वाटेतली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. सदोष मालाची तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनी आहे. तेथेही दाद न लागल्यास २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण इथे बाजूला ठेवावी.

फसलेला माणूस मूर्ख नसतो. त्याच्या विश्वासाचा कोणी गैरफायदा घेतलेला असतो. त्याला हसणारा समाज ठकाचेच काम सोपे करतो, कारण हसण्याच्या भयाने पुढचा फसलेला गप्प बसतो. म्हणून या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना चार सावधगिरीच्या गोष्टीही पोहोचाव्यात आणि १९३० हा आकडा त्यांच्या दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण लक्ष्मीचे स्वागत करतो. घरी आलेल्या लक्ष्मीचे रक्षण करणे हाही त्या पूजेचाच भाग आहे.