बटण बंद, किरण बंद

निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारात आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. मोटारीत ॲल्युमिनियमचे ओतीव भाग पुष्कळ असतात. ओतताना धातूत हवा अडकली, तर भाग वरून चकाचक दिसतो आणि आत पोकळी राहते. कारखान्यातले लोक तिला ब्लोहोल म्हणतात. चाकाजवळच्या भागात ती राहून चालत नाही, आणि भाग न कापता ती पाहायची तर क्ष-किरण लागतात. म्हणून या धंद्यात शिशाचे अस्तर दिलेली, कपाटासारखी एक्स-रे यंत्रे असतात. त्यांवर काम करणारी तरुण मुले मला हटकून विचारतात, ‘‘सर, मशीन बंद केल्यावर किरण आत राहतात का?’’

उत्तर यंत्रातल्या नळीत आहे. काचेची, किंवा धातू आणि सिरॅमिकची ही नळी. आतली हवा पूर्ण काढून टाकलेली. एका टोकाला कॅथोड, म्हणजे टंगस्टनची बारीक तार, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायची तशी. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते पांगू नयेत म्हणून तार एका वाटीत बसवलेली असते. समोर ॲनोड. दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन सुसाट ॲनोडवर आदळतात. दवाखान्यात हा दाब साधारण ४० हजार ते दीड लाख व्होल्ट, तर जाड धातूसाठी त्याहूनही जास्त. दाब वाढवला की किरण अधिक खोल शिरतात; तारेचा प्रवाह वाढवला की त्यांची संख्या वाढते.

आता गंमत पाहा. आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का क्ष-किरण होते, बाकी सगळी उष्णता! म्हणून मारा झेलायला टंगस्टनच हवा. तो ३४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. मागे तांबे असते, ते उष्णता ओढून घेते. इस्पितळातल्या बहुतेक नळ्यांत ॲनोडची तबकडी मिनिटाला तीन हजार किंवा अधिक फेरे घेते, म्हणजे मारा एकाच जागी बसत नाही. ‘श्वास रोखा’ म्हणतात तेव्हा ऐकू येणारी घरघर तिचीच. नळीभोवती तेल असते आणि त्याबाहेर शिशाचे कवच. किरणांना वाट फक्त एका खिडकीची.

राँटगेनने १८९५ साली किरण शोधले, तेव्हाच्या नळीत थोडी हवा राहू द्यावी लागे आणि नळी लहरीपणे वागे. तापलेल्या तारेची भरवशाची नळी कूलिजने १९१३ साली अमेरिकेत केली.

तर मुलांना मी सांगतो, वीज गेली की इलेक्ट्रॉन थांबले, आणि इलेक्ट्रॉन थांबले की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तपासलेला भागही किरणोत्सारी होत नाही.

पण पाइपांचे जोड तपासताना काही ठिकाणी इरिडियम-१९२ वापरतात. त्याला बटण नाही. डबीत असो वा बाहेर, ते रात्रंदिवस किरण सोडते. ७४ दिवसांनी निम्मे होते एवढेच. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली एक माणूस दगावला, तो विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्टमुळे. भंगारात गेलेली क्ष-किरणांची नळी तसे करू शकत नाही. म्हणून कारखान्यात पहिला प्रश्न असा विचारावा : इथे नळी आहे की स्रोत?

नळी असली तरी एक गोष्ट मी खपवून घेत नाही. कपाटाच्या दाराला स्विच असतो; दार उघडले की वीज तुटते. माल लवकर निघावा म्हणून कुणी तो चिकटपट्टीने दाबून ठेवला, तर शिशाचे अस्तर असून नसल्यासारखेच. सुपरवायझरने सांगितले तरी तसे यंत्र चालवू नका. आणि रेडिओग्राफीवर असाल तर छातीवर बिल्ला लावा. मात्र तो किरण अडवत नाही, किती लागले एवढेच मोजतो.