काट्यावरचे समीकरण

नेवासे तालुक्यातील सोनई येथे मुळा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने भरलेली वाहने वजनकाट्यावर चढतात, आणि भरल्या वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून निव्वळ उसाची नोंद दप्तरी होते. बीजगणिताचा पहिला पाठ द्यावयास याहून उत्तम स्थळ मला तरी दिसत नाही.

समजा, भरल्या वाहनाचे वजन 24 टन असून ऊस रिकाम्या वाहनाच्या दुप्पट आहे. अज्ञात असे वाहनाचे वजन ‘क्ष’ मानले, तर ऊस 2क्ष. मिळून 3क्ष बरोबर 24. अर्थात वाहन 8 टन आणि ऊस 16 टन.

इ. स. 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेली इष्टकर्माची रीत हेच उत्तर अक्षरावाचून देते. वाहन 5 टनांचे कल्पावे. एकूण 15 येतात. मग 24 ला 5 ने गुणून 15 ने भागावे, की 8. कल्पित आणि वास्तव यांचे प्रमाण सर्वत्र एकच राहते, म्हणून चुकीच्या कल्पनेतूनही सत्य हाती लागते, आणि अक्षराला बिचकणाऱ्या बालकास प्रथम हीच रीत शिकवणे मला श्रेयस्कर वाटते. मात्र त्याच 24 टनांत 3 टनांचा अन्य बोजा असेल, तर हे प्रमाण टिकत नाही, म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून आधी 3 वजा करावे लागतात. मग 3क्ष बरोबर 21, आणि वाहन 7 टनांचे.

पालकांनी घरी आलेल्या काटापावतीवरील एक आकडा झाकून तो मुलांकडून अवश्य शोधवून घ्यावा.