लहान इंजिनाचा दम

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा मुंबईपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ. आणि इंजिनास पेट्रोलइतकीच हवाही लागत असल्याने साध्या इंजिनाचा जोर तेथे तितकाच घटतो. ही उणीव टर्बोचार्जर भरून काढतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोताने एक चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरात भरते.

बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना असलेल्या टोयोटा किर्लोस्कर कंपनीने २०२४ साली ‘टायसर’ ही गाडी आणली. तिचे ९९८ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरी टर्बो इंजिन १०० अश्वशक्ती देते. त्याच मापाची बिनटर्बोची इंजिने साधारणतः सत्तरीच्या आसपास थांबतात.

मग असे इंजिन टिकेल काय? टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. म्हणून ठरलेल्या जातीचे तेल वेळेवर बदलावे. दीर्घ, वेगवान दौडीनंतर इंजिन तत्काळ बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यावे. लहान इंजिनाचे आयुष्य त्याच्या आकारापेक्षा या निगेवरच अधिक अवलंबून असते.