गोष्टीत राहिलेला जीव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पण ती सांगणाऱ्या आजीला कोणी सांगितली, हे आपल्याला ठाऊक नसते.

एका सांगणारीचे नाव मात्र राहिले आहे. ॲना लिबेराटा डिसोझा ही मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या घरी आया होती. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेब दक्षिणेकडील मराठी मुलखात दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती. प्रवासात वेळ जाईना, तेव्हा तिने ॲनाबाईंना गोष्ट सांगण्याची गळ घातली. बाईंनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी आठवून सांगितल्या, मेरीने त्या उतरून घेतल्या, आणि १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक लंडनला निघाले. त्यात पंचकिन जादूगाराची गोष्ट आहे. त्याचा जीव दूर रानात, पिंजऱ्यातल्या हिरव्या राघूत. पुढे फ्रेझरसारख्या पंडितानेही ‘गोल्डन बाऊ’ या ग्रंथात तिची दखल घेतली.

मेरीने आणखी एक मोलाचे काम केले. ॲनाबाईंची स्वतःची हकीकत त्यांच्याच तोंडून घेऊन पुस्तकाच्या आरंभी छापली. म्हणून त्यांचे वैधव्य, पुण्याच्या नदीत बुडालेला मुलगा, चाकरीत गेलेला जन्म आणि गोष्टी सांगणारी ती आजी, हे सारे आज आपल्याला कळते.

भगिनींनो, पंचकिनने जीव लपवून ठेवला, तरी तो मेलाच. त्या आजीने काहीच लपविले नाही. जवळ होते ते नातवंडांच्या कानांत घातले, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी आपण तिची आठवण काढीत आहोत.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायकांनी अशा किती गोष्टी आणल्या! श्रावणातल्या कहाण्या पुस्तकांत छापून निघाल्या. सांगणाऱ्यांची नावे मात्र गेली. म्हणून माझी एकच विनंती आहे. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक गोष्ट ऐकून, तिच्याच शब्दांत त्यात लिहावी. खाली तिचे नाव, गाव आणि तिला ती कोणी सांगितली, हेही लिहावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. सांगणाऱ्या थकत चालल्या आहेत.